सी विंगच्या काकांनी चारही स्लॉट भरले!

ऐकलंत ना? सी विंगच्या काकांनी चारही स्लॉट भरले. चारही! जन्मभर बँकेत बसून लोकांच्या कर्जाच्या अर्जावर ‘गरज काय?’ असे शेरे मारलेला माणूस, आणि आता स्वतःच्या घरात १२८ जीबी रॅम. करायचंय काय तिचं? तर म्हणे संकष्टीला चंद्रोदय बघायचा, नातवाशी व्हिडिओवर बोलायचं आणि स्कोअर काढायचा.

स्कोअर! हे खूळ सोसायटीत कोणी आणलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी नाव घेणार नाही. ए विंग, दुसरा मजला, दारात सायकल. गणपतीत आरती संपायच्या आत त्या पोराने मंडपामागे कम्प्युटरचा वेग मोजणाऱ्या सिनेबेंचचा आकडा मिरवला, आणि तेव्हापासून सोसायटीच्या ग्रुपचे ताळतंत्र सुटले ते सुटलेच. पूर्वी तिथे पाण्याच्या टँकरची वेळ यायची. आता रात्री अकराला स्क्रीनशॉट येतात आणि खाली लगेच कोणीतरी विचारतं, ‘सीएल किती?’

मला वाटलं, कॅज्युअल लीव्ह! काकांनाही तेच वाटलं असणार, पण ते कबूल करायचे नाहीत. सीएल म्हणजे मागणी आल्यावर रॅम किती ठोके घेऊन पहिला घास वाढते, तो आकडा. बी विंगमधल्या सीए करणाऱ्या मुलीने हिशोब शिकवला: सीएलला २००० ने गुणायचं, रॅमच्या वेगाने भागायचं, नॅनोसेकंद हातात. जुनी डीडीआर४, वेग ३२००, सीएल १६: उत्तर १०. नवी झगमगीत डीडीआर५, वेग ६०००, सीएल ३०: उत्तर १०! म्हणजे नवा वाढपी हाक मारल्यावर जुन्याइतक्याच वेळात येतो, फक्त त्याच्या हातातलं भांडं मोठं. जुना सेकंदाला २५.६ जीबी वाढतो, नवा ४८, आणि तेही एकेका पंगतीला. स्वस्तातली डीडीआर५ घेतलीत, ४८०० ची, सीएल ४०, तर हा वाढपी जुन्याहूनही उशिरा येतो. १६ नॅनोसेकंदांच्या वर. खोक्यावर मात्र सीएल बारीक अक्षरात आणि ४८०० ठळक. शिवाय त्या आकड्यापुढे मेगाहर्ट्झ लिहायची चाल पडली आहे, तीही अर्धी थाप. ठोका निम्माच असतो, ६००० ला ३००० चा. दर ठोक्याला दोनदा वाढतो म्हणून दुप्पट सांगायचं.

असो. प्रकरण रंगलं ते पुढे.

ए विंगचा पोरगा मिरवायचा तो नेहमी सिनेबेंचच. दुसरी चाचणी नाव घ्यायला नको. का, ते आम्हाला कळत नव्हतं. बी विंगच्या मुलीला कळलं. स्वयंपाकघरात कसं, मोहरी-हळद हाताशी मिसळणाच्या डब्यात, भाज्या ओट्यावर आणि दिवाळीची पातेली माळ्यावर. कम्प्युटरचं तेच. प्रोसेसरच्या पोटातली कॅश म्हणजे मिसळणाचा डबा, रॅम म्हणजे ओटा, एसएसडी म्हणजे माळा. सिनेबेंच आर२३ चित्र रंगवतं ते बहुतेक डब्यातल्या डब्यातच. ओट्याकडे हात क्वचित जातो. त्यामुळे रॅम सोन्याची असो की पत्र्याची, आकडा जवळपास तोच. सेव्हन-झिपच्या चाचणीत उलटं. फाइल दाबून बारीक करताना ते सारखं ओट्यावर इथेतिथे चाचपडतं, म्हणून रॅमला उत्तर द्यायला उशीर झाला की लगेच चुगली करतं. तीच फाइल परत उलगडताना मात्र रॅमविषयी फारशी तक्रार नाही. एकाच चाचणीची दोन तोंडं, बघा!

तर तिने भर ग्रुपवर सांगितलं, ‘दादा, सेव्हन-झिप लाव ना एकदा.’ दादाने दोन दिवस ‘ऑफिसचं काम आहे’ म्हणून काढले. तिसऱ्या दिवशी लावलं. आणि काय सांगू! ६००० ची म्हणून आणलेली रॅम, लॅमिंग्टन रोडवरून, ग्रँट रोड स्टेशनापासून पिशवी छातीशी धरून आणलेली, ती वर्षभर ४८०० नेच चालत होती! खोक्यावरचा वेग आपोआप लागत नाही हो. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी नाहीतर एक्स्पो नावाचं बटण चालू करावं लागतं. सोसायटीला स्कोअरचे धडे देणाऱ्याने तेच केलं नव्हतं. आणि त्याला कळणार तरी कसं? रोज चाचणी लावायची ती नेमकी रॅमकडे न बघणारी! त्याची आई दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये भेटली, पण बोलली नाही.

डी विंगचं प्रकरण त्याहून वाईट. लॅपटॉपमध्ये सोळा जीबीची एकच स्टिक. एकटी! शेजारचा स्लॉट वर्षानुवर्षं रिकामा आणि घरात कोणाला त्याचं काही वाटत नाही. वर मुलगा रडतो, गेम अडखळतो. ज्या लॅपटॉपात वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, त्यातलं ग्राफिक्स स्वतःचं काही ठेवत नाही, रॅममधूनच उसनं घेतं. आणि एका स्टिकला वाट एकच. तिच्या जागी आठ-आठच्या दोन बसवल्या, वाटा दोन झाल्या, आणि गेमचा स्कोअर असा उडाला की बाबांनी तीनदा खात्री केली. सोळाचे सोळाच जीबी हं, एक जास्त नाही. सिनेबेंच मात्र होतं तिथेच. (डेस्कटॉपवाल्यांनो, दोन स्टिक शेजारी-शेजारी खुपसू नका. बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट. कोणाच्या घरी कशा आहेत ते मला ठाऊक आहे, पण मी बोलत नाही.)

आणि जीबीचा हावरेपणा! ओटा छोटा पडला की हाल होतात, हे खरं. आठ जीबीत क्रोमचे चाळीस टॅब उघडलेत तर प्रत्येक वाटीसाठी माळ्यावर चढावं लागतं, आणि एसएसडी कितीही चपळ असला तरी रॅमपुढे शेकडो पट सावकाश. तिथे स्कोअर कोसळतो. पण ओटा पुरेसा झाला की पुढे कितीही लांब केलात तरी पोळ्या लवकर लाटल्या जात नाहीत. मोठी माणसंही या बाबतीत काही कमी नाहीत. २०२३ मध्ये ॲपलचा एक बडा अधिकारी म्हणाला होता, आमचे आठ जीबी म्हणजे बहुधा इतरांच्या सोळासारखे. वर्ष उलटायच्या आत, ऑक्टोबर २०२४ पर्यंत, मॅकबुकपासून सगळ्या नव्या मॅकची सुरुवात सोळावर आली होती.

आता काकांकडे वळते. होत्या त्या ३२-३२ च्या दोन स्टिक, त्या ठीक चालल्या होत्या. पण ‘निम्मे स्लॉट मोकळे बरे दिसत नाहीत’ म्हणून आणखी दोन आणल्या. बटण दाबलं तर पडदा काळा ठिक्कर. पाच मिनिटं झाली तरी काळाच. काकूंनी वायरमनला फोन लावला. डीडीआर५ नव्याने बसवली की यंत्र आधी तिची ओळखपाळख करून घेतं, त्याला वेळ लागतो, हे कोणाला माहीत? शेवटी सुरू झालं. काकांनी चष्मा पुसून सेव्हन-झिप लावलं आणि स्कोअर खाली! दुप्पट रॅम आणि आकडा आधीपेक्षा कमी! त्यांना वाटलं दुकानदाराने फसवलं. कोणी फसवलं नव्हतं. त्यांच्या रायझन ७००० साठी खुद्द एएमडीनेच छापून ठेवलंय: दोन स्टिक असतील तर ५२००, चार असतील तर ३६००. चौघींना एकदम सांभाळताना प्रोसेसरची तारांबळ उडते.

काकांनी त्या दोन काढल्या. आकडा परत वर. ग्रुपवर त्यांनी आधीचा स्क्रीनशॉट डिलीट केला, पण आम्ही पाहिला होता.

आणि आता ऐका. काढलेल्या दोन ते परत द्यायला निघाले होते, काकूंनी थांबवलं. २०२५ च्या दिवाळीच्या सुमारापासून रॅमचे भाव जे भडकले, एआयवाल्यांच्या डेटा सेंटरांनी सगळा माल उचलला, ते थांबेचनात. डिसेंबरात तर मायक्रॉननेच जाहीर केलं की आपलं घरगुती गिऱ्हाइकांचं क्रुशिअल दुकान बंद करणार. तर काकूंनी त्या दोन स्टिक जरीच्या बटव्यात घातल्या, आणि सोमवारी काका जुन्या शाखेत जाऊन लॉकर उघडून आले. पाटल्यांच्या शेजारी ठेवल्यात म्हणे. पावती मात्र घरीच आहे, देवघराच्या खणात. मी हळदीकुंकवाला गेले तेव्हा पाहिली.