यादीवाले बाबा

मे महिन्याची सुट्टी लागली की प्रत्येक सोसायटीत एक तरी गृहस्थ लिफ्टपाशी उभा राहून सामानाविषयी बोलताना सापडतो. एरवी घरातली साखर कुठल्या डब्यात असते हेही त्याला ठाऊक नसतं. पण मुलांना घेऊन विमानाने जायचं ठरलं की त्याच्या अंगात सेनापती संचारतो. आमच्या मजल्यावर असे एक आहेत. मोहीम पुणे ते नागपूर, मुक्काम सासुरवाडी. हवेतला वेळ जेमतेम दीड तास, तयारी तीन आठवडे.

पूर्वी हेच कुटुंब रात्रीच्या रेल्वेने जायचं. तेव्हा तयारी म्हणजे दशम्या, बटाट्याची भाजी आणि पाण्याची बाटली. ती बायको करायची आणि बाबा फक्त चहाला फलाटावर उतरायचे. विमानाला मात्र नियम असतात, आणि नियम म्हटले की बाबांना कंठ फुटतो. केबिन बॅग सात किलो, चेक-इनची पंधरा. बॅग हातात धरून वजनकाट्यावर उभं राहायचं आणि मग स्वतःचं वजन वजा करायचं, ही त्यांची पद्धत. बॅग किती भरली ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. बाबा ९१ किलो भरले, ही बातमी थोरलीने मजलाभर पोचवली.

धाकटा दोन वर्षांच्या आतला, म्हणून त्याला आसन नाही, आईची मांडी. वयाचा पुरावा मात्र लागतो. त्याच्या जन्मदाखल्याच्या इतक्या झेरॉक्स निघाल्या, की दुकानदाराने शाळाप्रवेशाच्या शुभेच्छा दिल्या.

रंगीत तालीम हॉलमध्ये झाली. जेवणाच्या खुर्च्या तीन-तीन लावल्या, पट्ट्यांना ओढण्या. बाबा वैमानिक, थोरली हवाईसुंदरी. तिने पहिल्याच फेरीत बाबांना मोबाईल बंद करायला लावला आणि दुसऱ्यांदा चालू केल्यावर काढूनच घेतला. सुरक्षा तपासणीची तालीम धाकट्याला इतकी आवडली, की हल्ली वॉचमन दिसला तरी तो दोन्ही हात वर करून उभा राहतो.

खरी चकमक आजींशी. विहीणबाईंना द्यायला त्यांनी खोबऱ्याच्या वाट्या काढून ठेवल्या होत्या. सुकं खोबरं चेक-इनच्या बॅगेत चालत नाही. त्यात तेल फार, बंदिस्त जागेत ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. हे खरंच आहे, पण बाबांनी ते अशा आवाजात सांगितलं की जणू आजींनी सुतळी बॉम्बच बांधून दिला होता.

"चाळीस वर्षं त्याच डब्यात ठेवतेय. एकदा तरी पेटलं का?" आजी म्हणाल्या.

बाबांनी विषय बदलून हवेच्या दाबावर नेला. विमानात दाब सहा ते आठ हजार फुटांवर असावा तितकाच ठेवतात, कळसूबाईचं शिखर सुमारे ५,४०० फूट, म्हणजे आपण कळसूबाईच्याही वर बसल्यासारखे. आजींनी ऐकून घेतलं आणि बॅगेत दोन्ही मुलांचे स्वेटर घातले. सात किलोंचा हिशोब पुन्हा पहिल्यापासून.

योगायोगाने त्या दिवशी मी त्यांच्याच मागच्या रांगेत होतो. यादीतल्या वस्तू बाबांच्या पायाशी ओळीने सज्ज: रंगखडू, स्टिकरची वही, चुरमुरे, ओले रुमाल, उलटीची पिशवी, त्या पिशवीसाठी आणखी एक पिशवी. आणि मुलांनी दगा दिला. थोरली खिडकीला नाक लावून ढग बघत बसली. तिला काहीच नको होतं. धाकटा तर विमान धावपट्टीवर येण्याआधीच झोपला. बाबांचा चेहरा मला आसनांच्या फटीतून दिसत होता. भाषण पाठ करून आलेल्या वक्त्याला आभारप्रदर्शन करायला सांगावं, तसा. मध्येच त्यांनी एक स्टिकर काढून स्वतःच्याच मनगटावर लावला.

नागपूर वीस-पंचवीस मिनिटांवर आलं आणि त्यांना एकदम हुशारी आली. उतरताना केबिनमधला दाब वाढतो, कानाच्या पडद्याआड मात्र कमीच राहतो. काही गिळलं की घशाकडची बारीक नळी उघडते आणि कान मोकळे होतात. म्हणून तान्ह्यांना उतरताना दूध पाजायचं. यादीत हे लाल शाईने होतं.

"अहो, झोपू दे त्याला," बायको म्हणाली.

"आणि कान?"

धाकट्याला उठवलं. बाटली त्याने पहिल्याच झटक्यात उडवली आणि जो सूर लावला, तो चाकं जमिनीला टेकेपर्यंत सोडला नाही. पुढच्या चार रांगांतल्या माना वळल्या. बाबा मात्र शांत. त्यांनी खिशातून यादी काढली, लाल ओळीपुढे बरोबरची खूण केली आणि शेजारच्या प्रवाशाला समजावलं, "रडल्यानेही कान मोकळे होतात."

तेही खरंच आहे. शेजाऱ्याच्या कानांचं यादीत काही नव्हतं.