शंभरात एक दाणा

आमच्या शेजारच्या काकूंनी केंद्र सरकारची एक योजना नुसत्या सुपाने हाणून पाडली आहे आणि त्यांना त्याचा पत्ताही नाही.

पॉस मशीनवर अंगठा देऊन आणलेला रेशनचा तांदूळ त्या ओसरीवर निवडत बसतात. त्यात शंभरात एखादा दाणा वेगळा दिसतो. काकूंच्या लेखी तो, खडा आणि किडा एकाच जातीचे. गल्लीत तर तो प्लॅस्टिकचा असल्याची सगळ्यांची खात्री. काकू असे दाणे डबीत साठवतात. रेशनवाल्याला एकदा दाखवायचेत म्हणे.

त्या दाण्याची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. आधी भात गिरणीत घालून पांढराशुभ्र होईपर्यंत घासायचा. कोंडा जातो, त्याच्याबरोबर बरीच जीवनसत्त्वं जातात आणि गोठ्यातली म्हैस बाळसं धरते. मग तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ कालवायचं, यंत्रातून शेवेसारखं पिळून तांदळाएवढे दाणे पाडायचे आणि किलोला दहा ग्रॅम या मापाने तांदळातच मिसळायचे. याला सरकारी मराठीत ‘गुणसंवर्धित’ म्हणतात. आधीचे गुण कोणी उधळले, ते रकान्यात विचारलेलं नाही.

पंतप्रधानांनी १५ ऑगस्ट २०२१ रोजी लाल किल्ल्यावरून असा तांदूळ वाटण्याची घोषणा केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२८ पर्यंतच्या खर्चाला मंजुरी दिली : १७,०८२ कोटी रुपये. दुखणं खोटं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या. काकूंची सून त्यांच्यातलीच. डॉक्टरांनी तिला डाळ, पालेभाजी, अंडी, फळं लिहून दिली. रेशनवर तांदूळ तेवढा फुकट मिळतो. पण तो चिठ्ठीत नव्हताच.

अंड्याचा प्रयोगही राज्यात झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं आलं, न खाणाऱ्याला केळं. जानेवारी २०२५ मध्ये शासन निर्णय निघाला : अंड्याला आणि नाचणीसत्त्वातल्या साखरेला निधी नाही, हवं तर लोकसहभागातून करा. लोकसहभाग हा फार पौष्टिक शब्द आहे. तो वाढला की तिजोरीचं वजन घटत नाही.

परवा नातवाच्या शाळेतून काकूंना निरोप आला : अंड्यांसाठी यथाशक्ती काहीतरी द्या.

“अहो, त्या अंड्यात असतं तरी काय एवढं?”

“प्रथिनं असतात. शिवाय बी-१२.”

“म्हणजे तुम्ही त्या दाण्यात सांगत होता तेच ना?”

काकूंनी फळीवरची डबी काढून माझ्या हातात ठेवली. “मास्तरांना द्या. डझनभर अंड्यांचं तरी भरेल.”

डबी घेऊन मी शाळेत गेलो. मास्तरांनी पावती फाडली.