गणेश, महेश आणि चार प्रश्नचिन्हं

नाशिकच्या रविवार कारंज्याजवळच्या एका पतसंस्थेने सभासदांची नावं नव्याने मराठीत भरून घेतली, वार्षिक सभेसाठी यादी छापायला लावली आणि प्रिंटरमधून नुसती प्रश्नचिन्हं बाहेर पडली. मॅनेजरसाहेबांनी आधी टोनर बदलून पाहिला.

दोष टोनरचा नव्हता. सॉफ्टवेअर करणाऱ्याने नावाचा रकाना ‘व्हारचार’ प्रकारचा ठेवला होता. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये हा प्रकार इंग्रजी-फ्रेंचसाठी अक्षरामागे एक बाइट घेतो; देवनागरीसाठी तसं कोडपेज, म्हणजे अक्षरांचा तक्ताच, त्यात नाही. मग तो न ओळखलेल्या प्रत्येक खुणेला एक प्रश्नचिन्ह ठोकून मोकळा होतो. मात्राही वेगळी खूण धरली जाते. गणेश म्हणजे ग, ण, मात्रा, श: चार. महेश चार, रमेश चार, उमेशही चार. कर्जदार ????, जामीनदार ????, आणि वसुलीला निघालेला शिपाईही ????. सुरेश तेवढा उकारामुळे पाचावर जाऊन वेगळा उरला.

उपाय ‘एन्व्हारचार’. पण तो खुणेमागे दोन बाइट घेतो, म्हणून काटकसरी मंडळी बिचकतात. ‘त्र्यंबकेश्वर’ देवनागरीत 13 खुणांचं, रोमन स्पेलिंगही 13 अक्षरांचं. तिकडे 13 बाइट, इकडे 26. तेरा बाइट वाचवायला अख्खं ज्योतिर्लिंग इंग्रजीत घालायचं, आणि ही काटकसर कुणी करायची, तर गुड मॉर्निंगच्या फोटोंनी फोन भरणाऱ्यांनी! 2019च्या आवृत्तीपासून व्हारचारला यूटीएफ-8 लावता येतं खरं, पण त्यात मराठीला खुणेमागे तीन बाइट, म्हणजे 39. ती बचत इंग्रजीचीच.

रकाना बदलला तरी क्वेरीत नावाच्या अवतरणचिन्हाआधी ‘एन’ लावावा लागतो, नाहीतर मजकूर वाटेतच प्रश्नचिन्हं होतो. नाशिककरांनी तो गावाचा एन समजावा.

एकदा साठवलेल्या प्रश्नचिन्हातून मूळ अक्षर मात्र परत निघत नाही. पतसंस्थेत दोन क्लार्क जुने अर्ज काढून बसले.

त्र्यंबकच्या तीर्थपुरोहितांकडे यजमानांच्या वंशावळींच्या वह्या असतात. त्यातली मोडी लिपीतली पानं कुणी जशीच्या तशी संगणकावर घ्यायची म्हटली, तर गंमत आणखी वाढेल. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली 2014 साली, तीही पार लांब, म्हणून एन्व्हारचारमध्ये तिला खुणेमागे दोन नव्हे, चार बाइट. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या जुन्या ‘यूटीएफ8’मध्ये ती मावतच नाही, ‘यूटीएफ8एमबी4’ घ्यावं लागतं. हसऱ्या पिवळ्या इमोजीलाही तेच लागतं, तेव्हा खापरपणजोबांना रांगेत त्याच्या शेजारी उभं राहावं लागणार.