बाटलीवरचा हर्क्युलिस

वुडवर्ड्स ग्राइप वॉटरच्या लेबलावरचं ते गुटगुटीत बाळ दोन्ही मुठींत एकेक साप आवळून बसलेलं असतं. आमच्या घरी त्याला बाळकृष्णच समजत. कालिया एकटाच होता, मग हा दुसरा कोण, असं कुणी विचारलं नाही. खरं तर तो ग्रीकांचा हर्क्युलिस, जोशुआ रेनॉल्ड्सच्या चित्रातून बाटलीवर उतरलेला. तान्ह्याच्या पोटातल्या गुबाऱ्याशी लढायला साक्षात हर्क्युलिस नेमावा, यातच पेटंट औषधांचा सगळा थाट आला. त्यांतल्या बहुतेकांनी पेटंट कधी घेतलंच नाही, कारण घेतलं तर कृती उघड करावी लागते. नाव तेवढं नोंदवायचं, आणि कृतीवर झाकण घट्ट बसवायचं.

विल्यम वुडवर्डने हे पाणी इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमला 1851 मध्ये बाजारात आणलं. त्यात शेपूच्या बियांचं तेल, खायचा सोडा, साखर आणि सुमारे 3.6 टक्के अल्कोहोल, म्हणजे हलक्या बिअरच्या तोडीचं. बाळं गाढ झोपत, आयांचा जीव भांड्यात पडे, आणि सगळं पुण्य शेपूच्या खाती जमा होई. पुढे ब्रिटनमध्ये ते अल्कोहोल काढून टाकावं लागलं.

शेपूचं बी म्हणजे आपल्या बाळंतशोपा. आजी सहाणेवर वेखंड, मुरुडशेंग, जायफळ यांचे वेढे मोजून उगाळायची. वेखंडाचा एक वेढा जास्त झाला तर स्वतःवरच चिडायची. ही साहेबाची बाटली घरात आली तेव्हा तिने बूच काढून वास घेतला, ओळखीचं माणूस भेटल्यासारखी मान हलवली आणि बाटली गुटीच्या डब्याशेजारी ठेवून दिली.

आता बालरोगतज्ज्ञ सांगतात, सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही नको. पोटदुखीचं हे रडणं तीन-चार महिन्यांत आपसूक ओसरतं. खरंच असणार. पण रात्री दोन वाजता चाळ जागी करणाऱ्या बाळापुढे नुसतं बसून राहणं कुणाला जमलंय? बोंडलं धुवायचं, दोन थेंब जिभेवर सोडायचे, ओठ पुसायचे, खांद्यावर घेऊन थोपटत फेऱ्या घालायच्या. एवढ्या उठाठेवीत मोठ्यांचं तरी चित्त थाऱ्यावर येई. आजोबा तर जेवणानंतर चमचाभर स्वतःच घेत, आणि "बाळासाठी उरलंय ना?" असं वर विचारत.