गाडी न घेता बाजू कशी घ्यावी

बीएमडब्ल्यू एम-५, मर्सिडीज-एएमजी ई-६३ आणि ऑडी आरएस-६ यांच्या वादात पडायचं तर यांतली एखादी तरी गाडी दारात हवी, असं नवशिक्याला वाटतं. दारात असेल तर उलट अडचणच. ती ज्याच्याकडे असते तो हप्ते, टायर आणि विमा यांच्या हिशेबात इतका बुडालेला असतो की भांडायला त्याला फुरसत नसते. मी श्टुटगार्टजवळ अकरा वर्षं राहतोय. माझ्या नावावर एक सायकल आहे आणि महिन्याचा लोकलचा पास. या विषयावर मी भल्याभल्यांना गप्प केलं आहे.

पायरी पहिली : बाजू घ्या. कारणं मागाहून येतात.

म्युनिकची, म्हणजे बीएमडब्ल्यूची, बाजू घेतलीत तर १९८५ हे साल पाठ करा. पहिली एम-५ तेव्हाची. बाहेरून बँक मॅनेजरला शोभेल अशी पाच-मालिकेतली साधी चारदारी आणि आत एम-१ या स्पोर्ट्स कारच्या घराण्यातलं सहा सिलिंडरचं इंजिन, २८६ अश्वशक्तीचं. समोरचा श्टुटगार्टवाला, म्हणजे मर्सिडीजचा माणूस, लगेच म्हणेल, "आमच्याकडे हे १९६८ लाच झालं होतं." तो ३०० एसईएल ६.३ बद्दल बोलतोय. एरिश वाक्सेनबेर्गर या इंजिनिअरने बड्या ६०० लिमोझिनचं इंजिन उचलून तिच्यात बसवलं होतं. यावर म्युनिककडे उत्तर नाही, तेव्हा विषय स्टिअरिंगवर न्यावा. तिथे श्टुटगार्टकडे उत्तर नसतं.

ऑडीवाल्याने हिवाळ्यापर्यंत तोंड उघडू नये. बर्फ पडला की एकच शब्द उच्चारावा, 'क्वाट्रो', आणि चहा मागवावा. हे अस्त्र पूर्वी अमोघ होतं. २०१७ पासून मात्र क्वाट्रोप्रमाणे एम-५ सुद्धा चारही चाकांवर जोर लावते आणि ई-६३ तर तिच्याही आधीपासून, त्यामुळे आता नुसता चहाच उरला आहे.

पायरी दुसरी : आकडे वापरा, पण त्यांचा अर्थ विचारू नका.

ई-६३ मधला ६३ म्हणजे ६.३ लिटर, असं सरळमार्गी माणसाला वाटेल. २००६ साली ही गाडी आली तेव्हा इंजिन होतं ६,२०८ सीसीचं, म्हणजे ६.२ लिटर. पुढे ते ५.५ झालं, मग ४. धाकट्या सी-६३ मध्ये तर २०२२ साली दोन लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन आलं. विजेची जोड धरून ताकद ६८० अश्वशक्ती, पण बूटवर आकडा तोच. यावर हसू नये. देशमुखी गेली म्हणून कुणी आडनाव बदलतं का?

म्युनिकच्या आकड्यांची तऱ्हा वेगळी. २००५ च्या एम-५ मध्ये दहा सिलिंडर आणि ५०७ अश्वशक्ती होती, पण गाडी सुरू केली की हाती ४०० च पडायची. उरलेल्या १०७ साठी बटण दाबायचं. २०११ च्या गाडीत टर्बो आले, आवाज दबला, म्हणून इंजिनाचा आवाज स्पीकरमधून आत ऐकवायची सोय केली. ऑर्केस्ट्रा समोर बसलेला असताना कॅसेट लावावी, तसं.

पायरी तिसरी : बिल्ला पाहून गाडी ओळखणं हे कच्चेपणाचं लक्षण.

आमच्या खालच्या मजल्यावरचे आजोबा निवृत्त आहेत. त्यांच्याकडे २०१० सालची ई-६३ आहे. महिन्यातून एका शनिवारी ते तिला नाण्यावर चालणाऱ्या धुलाईच्या ठिकाणी नेतात आणि पाइप धरायला मला घेतात. गाडीच्या मागे काहीही लिहिलेलं नाही. घेतानाच त्यांनी मॉडेलचं नाव न लावण्याचा पर्याय निवडला होता. शेजारच्या खोपटात टॅक्सीवाला आपली ई-क्लास धूत असतो, आणि लांबून दोन गाड्या बहिणी वाटतात. फरक बघायचा तर वाकावं लागतं. चार धुराडी, आणि त्यांच्या कडा आजोबा जुन्या टूथब्रशने घासताना दिसतात.

एकदा त्यांनी बॉनेट उघडलं. इंजिनावर एक पट्टी होती आणि तिच्यावर सही. एएमजीच्या आफाल्टरबाखच्या कारखान्यात एक माणूस एक इंजिन सुरुवातीपासून शेवटपर्यंत जुळवतो आणि खाली सही करतो. आजोबांनी पट्टीवरून फडकं फिरवलं, सहीवर जरा हळू. मी विचारलं, "अडीचशेचा वेग कधी गाठलात?"

"एकदा. रविवारी, पहाटे."

"मग?"

"मग पेट्रोल पंप शोधला."

पायरी चौथी : न्युर्बुर्गरिंगची वेळ सांगा. जुना ट्रॅक २०.८३२ किलोमीटरचा, आणि सेकंद पाठ असले की माणूस जाणकार ठरतो. इथे एक पथ्य पाळावं, इटालियन आणि इंग्रज माणसांसमोर हा विषय काढू नये. २०१६ मध्ये आल्फा रोमिओची जुलिया ७ मिनिटं ३२ सेकंदांत फेरी मारून गेली, पुढच्याच वर्षी जॅग्वारच्या एक्सईने ७:२१ लावली. भावाभावांची पंगतीत हमरीतुमरी चालू असताना पाहुण्याने श्रीखंडाचं पातेलं संपवावं, त्यातला प्रकार.

पायरी पाचवी : ही भाऊबंदकी आहे, हे ओळखा, पण चारचौघांत बोलू नका.

१९५८ मध्ये ऑडीची जुनी मातृसंस्था ऑटो युनियन मर्सिडीजवाल्या डाइमलर-बेंझने विकत घेतली, आणि पुढे काही वर्षांनी फोक्सवागनला देऊन टाकली. ९ डिसेंबर १९५९ ला बीएमडब्ल्यूही डाइमलरच्या घशात जायची होती. छोटे भागधारक आणि डीलर सभेत अडून बसले, हेर्बर्ट क्वांट यांनी पैसा लावला, म्हणून वाचली. त्या दिवशी ठराव पास झाला असता तर आपण आज कुणाशी भांडलो असतो?

भांडण जाहीर, समेट मागच्या दाराने. ताशी २५० च्या वर गाडी जाऊ द्यायची नाही, हे तिघांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी आपसांत ठरवलं. ५०० ई ही मर्सिडीज १९९० मध्ये निघाली. चाकांवरचे पत्रे फुगवल्यामुळे ती घरच्या जुळणी-रेषेत मावेना, म्हणून पोर्शाकडे पाठवली. शेजारणीकडे पापड लाटायला द्यावेत तशी एकेक गाडी मर्सिडीजच्या झिंडलफिंगन आणि पोर्शाच्या त्सुफनहाउझनच्या दरम्यान ये-जा करायची, आणि तयार व्हायला १८ दिवस लागायचे. २०१५ मध्ये तिघांनी वर्गणी काढून नोकियाचा नकाशांचा धंदा २८० कोटी युरोंना घेतला. २०२१ मध्ये युरोपीय आयोगाने फोक्सवागन आणि बीएमडब्ल्यूला मिळून ८७.५ कोटी युरोंचा दंड केला. डिझेलचा धूर कायद्याने मागितला त्याहून जास्त स्वच्छ करायच्या भानगडीत कुणीच पडायचं नाही, असं संगनमत केल्याबद्दल. डाइमलर त्यात होती, पण तिने आयोगाला आधी जाऊन सांगितलं, म्हणून तिचा दंड माफ. चुगली करणाऱ्याला लाडू मिळतो, हा नियम आमच्या वाड्यातही होता.

आता एक बारीकशी अडचण. तुम्ही आखाड्यात पोचेपर्यंत पैलवान पांगलेत. आरएस-६ गेल्या दोन पिढ्यांत मागे डिकीची खोली असलेल्या कॉम्बी रूपातच मिळते. २०२३ ला नवी ई-क्लास आली, तिच्यात ६३ नव्हती. एम-५ तेवढी उरली आहे, आणि २०२४ पासून तीही बॅटरीसकट ७२७ अश्वशक्तीची आणि जवळपास २.४ टनांची. १९८५ ची पहिली एम-५ दीड टनाच्या आत होती.

गेल्या शनिवारी पाइप गुंडाळताना मी आजोबांना विचारलं, पुढची गाडी कुठली?

"उंच," ते म्हणाले. "आता वाकून बसवत नाही."