श्री. स्टॉप बटण यांस अनावृत पत्र

प्रति,
श्री. स्टॉप बटण,
'रनिंग टास्क' खिडकी, उजवा कोपरा,
अलार्म मॉनिटरिंग सॉफ्टवेअर.

विषय : काहीही न थांबवल्याबद्दल.

महोदय,

स.न.वि.वि. आपला लालभडक रंग आणि माउस जवळ येताच उजळण्याची अदा पाहून आपण काहीतरी थांबवत असाल, असा आम्हा रात्रपाळीवाल्यांचा समज होता. परवा तो फिटला, म्हणून हा पत्रप्रपंच.

आमच्या कंट्रोल रूमला बँकांच्या शाखा जोडलेल्या आहेत, हे आपण जाणताच. शाखेत काही हललं की तिथलं पॅनेल आमच्या रिसीव्हरला आकडे धाडतं. 110 म्हणजे आग, 120 म्हणजे पॅनिक, 130 म्हणजे घरफोडी, 301 म्हणजे वीज गेली. रिसीव्हरने पोच दिली की पॅनेल निर्धास्त. नाही दिली तर ते बिचारं पुन्हा पुन्हा पाठवत राहतं. परवा रिसीव्हरने सगळ्यांना इमानेइतबारे पोच दिली. माझ्या स्क्रीनवर मात्र काही उमटेना.

1994 साली वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत स्फोटाआधीच्या शेवटच्या 11 मिनिटांत दोन ऑपरेटरांवर 275 अलार्म कोसळले होते. आपल्या सॉफ्टवेअरने त्यावर कडी केली. एकही अलार्म नाही! सगळ्या शाखा हिरव्यागार. बाहेर धो धो पाऊस, अर्ध्या जिल्ह्यात बत्ती गुल, आणि तरी एकसुद्धा 301 नाही, तेव्हा कुठे मला शंका आली.

आपली खिडकी उघडली. 'आर्काइव्ह अँड रिपोर्ट – 64 टक्के.' वर्षभराच्या नोंदी दुसऱ्या टेबलात हलवायच्या आणि महिन्याचा अहवाल काढायचा, असा तो टास्क. कुणी लावला, कशाला कुलूप घालून बसलाय, नवे सिग्नल किती तुंबलेत, काही पत्ता नाही. आपण राखाडी. आपल्याला हात लावण्याचा अधिकार सुपरवायझरांचा, आणि सुपरवायझर साखरझोपेत. त्यांना उठवलं, त्यांनी घरून लॉगिन केलं, दाबलं. 'स्टॉपिंग…' पुन्हा दाबलं. 'स्टॉप रिक्वेस्ट आधीच पाठवली आहे.'

म्हणजे महाराज, आपण नुसता अर्ज करता! टास्कने कधी मान वर केली तर तो अर्ज वाचणार. वाचल्यावर हलवलेल्या नोंदी परत जागेवर नेणार. अर्धा उभारलेला मांडव उतरवायलाही वेळ लागतोच, आणि तोवर कुलूप कायम. किती वेळ लागेल, असं डेटाबेसला विचारलं. उत्तर आलं : परतीचं काम शून्य टक्के झालं, उरलेला वेळ शून्य सेकंद. या उत्तराला दाद द्यावी की कीबोर्ड फेकून मारावा, ते ठरेना.

'मग सरळ टास्क मॅनेजरमधून एंड टास्क करायचं,' असं सकाळी चहा ढोसताना सांगणारे भेटलेच. केलं असतं तर त्याच प्रोसेसमध्ये बसलेली, सिग्नल घेणारी सर्व्हिसही गेली असती.

अखेर कुलूप सुटलं आणि सिग्नल धडाधड कोसळले. त्यात तालुक्याच्या एका शाखेचा 130. स्ट्राँगरूम, मोशन सेन्सर, 41 मिनिटं शिळा. मॅनेजरसाहेबांना उठवलं, 112 ला कळवलं. उंदीर निघाला.

सकाळी तोच टास्क पुन्हा चालवला गेला. तो अहवाल कशाचा होता माहीत आहे? ऑपरेटरांच्या कामगिरीचा. त्यात माझ्या नावापुढे लाल अक्षरांत : 'प्रतिसादास विलंब – 41 मिनिटे.' अहो, लाज कशी वाटत नाही? ज्या टास्कने माझे डोळे बांधले, त्यानेच मी आंधळा असल्याचा दाखला द्यायचा? उंदराच्या जागी गॅस कटर घेतलेली माणसं असती आणि आत रात्रीचा वॉचमन असता, तर त्याच्या बायकोला हाच अहवाल दाखवणार होतात का?

असो. आवाज चढला. खरं सांगायचं तर आपल्यावर राग धरवत नाही. मी तरी कुठे चोर थांबवतो? फोन लावतो. मॅनेजर उचलतील तेव्हा उचलतील, गाडी पोचेल तेव्हा पोचेल. मी फक्त 'कळवले' अशी नोंद टाकतो. हातात काही न देता जबाबदार धरलेले आपण दोघेच इथे रात्रभर जागे असतो.

तेव्हा आपल्याला त्या कोपऱ्यात बसवणाऱ्यांना एवढं सांगा. टास्क कुणी लावला, त्याचं नाव आणि मोबाइल नंबर खिडकीत दिसू द्या. नोंदी थोड्या थोड्या हलवा, म्हणजे थांबवलं तरी सगळं उलटं फिरवावं लागणार नाही. अलार्मची वाट अहवालापासून वेगळी करा. आणि जो जागा आहे, त्याला थांबवण्याचा अधिकार द्या.

कळावे, लोभ असावा.

आपला,
रात्रपाळीचा ऑपरेटर

ता.क. : पुढच्या महिन्याचा अहवालही रात्री दोनलाच लागलेला दिसतोय. सुपरवायझरांना म्हणावं, मोबाइल सायलेंटवर टाकून झोपू नका.