वीणेबरोबर पदवीही द्या

बेळगावच्या अनगोळात दहावीनंतरच्या वाटा मळलेल्या आहेत. कोणी आयटीआय करून उद्यमबागेत लेथवर उभा राहतो, कोणी भरतीसाठी पहाटे धावायला लागतो. एखाद्याला कीर्तनाची ओढ असते. तो आळंदीचं नाव काढतो आणि घरात प्रश्न येतो, ‘त्यानं पोट भरणार काय?’

प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचं उत्तर पोराकडे मागू नका. त्याला शिकवणाऱ्या संस्थांनी आणि सप्ताहाला बोलावणाऱ्या गावाने ते द्यायचं आहे.

जोग महाराजांनी 1917 साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. चार वर्षांचा अभ्यास. ज्ञानेश्वरी, गाथा, गीता, पाठांतर, चाली, पखवाज. आमच्या गल्लीतल्या देवळात काल्याचं कीर्तन सुरू झालं की या चार वर्षांचं चीज दिसतं. दोन तास हातात कागद नाही आणि ओवी चुकत नाही. पण नोकरीच्या अर्जात ‘पदवी’च्या रकान्यात या मेहनतीला जागा नाही. तिथे पोरगं बारावी, नाहीतर दहावीच.

देवळातली चाकरी करावी म्हटलं तर कर्नाटक सरकारचा 2025चा अर्थसंकल्प बघा. देवस्थानं सांभाळणाऱ्या मुजराई खात्याच्या ‘क’ वर्गातल्या देवळाच्या अर्चकांची तस्दीक, म्हणजे सरकारी अनुदान, वर्षाला 72,000 रुपये झाली. जैन पुजारी, मुख्य ग्रंथी आणि पेश इमाम यांचं मानधन महिना 6,000. भागाकार केला तर सगळे एकाच आकड्यावर येतात. उद्यमबागेत फाउंड्रीतल्या हेल्परचा पगार याहून जास्त आहे. एवढ्यात घर चालत नाही, हे सरकारलाही कळतं.

आता दुसरी बाजू. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्या बेळगावात आहे. शिपाई भरतीची खडान्‌खडा माहिती असलेल्या पोरांना लष्कर धर्मगुरूही भरती करतं, हे कोणी सांगत नाही. नायब सुभेदाराचा हुद्दा, पगार, पेन्शन. काम मोलाचं : पलटणीतली पूजा-प्रार्थना, इस्पितळातल्या जखमी जवानाला धीर, शहिदाचे अंत्यसंस्कार. पंडिताला संस्कृतची शास्त्री किंवा आचार्य ही पात्रता लागते, मौलवीला अरबीतलं आलिम किंवा उर्दूतलं आदिब आलिम, ग्रंथीला पंजाबीतलं ज्ञानी, पाद्रीला धर्मपीठाची दीक्षा. आणि या सगळ्यांना एक अट सारखीच, कोणत्याही शाखेची पदवी. आमचं कीर्तनकार पोरगं आधी तिथेच अडतं.

शिक्षणाने कीर्तनाचा रस आटतो, असं सांगणारे भेटतात. त्यांनी मामासाहेब दांडेकर आठवावेत. जोग महाराजांचे शिष्य, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य, सार्थ ज्ञानेश्वरीचे संपादक आणि नावाजलेले कीर्तनकार. पदवीने त्यांची वारी थांबली नाही.

म्हणून मागणं साधं आहे. धर्मशिक्षणाच्या प्रत्येक संस्थेने, मग ती वेदपाठशाळा असो, गुरुकुल असो की मदरसा, दाखल झालेल्या पोराची शाळेची परीक्षा सुटू देऊ नये. बारावी झालेल्याचं नाव संस्थेनेच मुक्त विद्यापीठात बी.ए.ला घालावं आणि फीसाठी दात्यांकडे हात पसरावा. अन्नदानाला देणारे पुष्कळ आहेत. परीक्षेच्या फीला देणाराही तेवढंच पुण्य जोडतो. सीमाभागातल्या पोराने मराठीबरोबर कन्नड लिहायला-वाचायला शिकावं. कर्नाटकातल्या सरकारी नोकरीचं दार त्याशिवाय उघडत नाही आणि एक भाषा जास्त आल्याने मराठीचं काही कमी होत नाही.

आणि गावकऱ्यांनो, आपलंही बघा. विसर्जनाच्या डॉल्बीचा दर आधी ठरतो, ॲडव्हान्सही आधी जातो. सात दिवस बोटं सुजेपर्यंत पखवाज वाजवणाऱ्या पोराच्या हातात मात्र शेवटी नारळ, टॉवेल आणि उरलंसुरलं पाकीट. तो ‘माउली’ म्हणून वाकतो आणि निघतो. त्याचं एसटीचं भाडं सुटलं का, हे कोणी विचारत नाही. यंदाच्या सप्ताहाच्या पहिल्या बैठकीतच पखवाजी, गायक आणि चोपदाराचं मानधन ठरवा, वहीत लिहा आणि वर्गणीतून सर्वांत आधी तेच बाजूला काढा.